रंग बसला, साखर उतरली

सुरतच्या एका फार्मसी कॉलेजात धनश्रीचं संशोधन रीतसर चालू होतं. मधुमेहाशी संबंधित प्रथिनाच्या खाचेत औषधाचा रेणू कितपत चपखल बसेल, याचा अंदाज संगणक बांधतो. त्याला डॉकिंग म्हणतात. तिचे वडील दगाअण्णा पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये होते. संगणक ताळ्यावर आहे का, हे पाहायला तिनं मिलमधला साडी रंगवायचा एक रंगही औषधांच्या रांगेत उभा केला. रंग पहिला आला. गुण : उणे अकरा.

"मायनस?" प्राचार्य देसाईसाहेब दचकले. "आपल्या कॉलेजमधून मायनस बाहेर जाणार नाही, बेन!"

"सर, यात जेवढं मायनस तेवढं चांगलं. पण हा रंग कुठेही चिकटतो. रिक्षात नऊ माणसं बसतात, म्हणून रिक्षा पोचतेच असं नाही."

"बसतो ना पण?"

"बसतो, पण..."

"बस!"

कॉलेजच्या प्रतिष्ठेस्तव प्रसिद्धीपत्रकातून उणे चिन्ह वगळण्यात आलं. शास्त्राच्या दृष्टीनं आता रंग प्रथिनाच्या आसपासही फिरकत नव्हता. वर्तमानपत्राच्या दृष्टीनं सुरतेत मधुमेहावर इलाज सापडला होता.

आठवड्यात बाजारात 'शुगर-फ्री साडी' आली. नेसल्यास साखर उतरते, ब्लाउजपीससह घेतल्यास रक्तदाबही. पुरुषांवर अन्याय होतो अशी तक्रार येताच त्याच कापडाचे लेंगे निघाले. चांदनी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, सोसायटीच्या कमिटीनं सर्व साडीधारकांना तुपात थबथबलेली घारी ही सुरती मिठाई अमर्याद मंजूर केली.

धनश्रीला या सगळ्याचं हसू येत होतं, ते घरी पोचेपर्यंत. आई मालतीबाई दारातच रडवेल्या उभ्या होत्या.

"तुना बापनी गोयी बंद करी दिन्ही, माय! साडी भिजाडीसन पानी पेस!"

आत मधुमेहाची गोळी सोडून साडीचं पाणी पिणारे दगाअण्णा घारी खात होते. जीभ पक्की रंगली होती. धनश्रीनं ताट बाजूला ओढलं.

"अण्णा, कुणी सांगितलं हे?"

"तूच ना. पेपरात फोटो आहे तुझा."

"तो कॉम्प्युटरचा नुसता अंदाज होता! अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही."

"उंदराला कुठं शुगर असते?"

तिनं त्यांचं बोट टोचलं. साखर इतकी चढली होती की यंत्रानं आकडा सोडून इंग्रजीत नुसतं 'हाय' लिहिलं.

"बघ," दगाअण्णा कौतुकानं म्हणाले, "मशीनबी रामराम करतं!"

दवाखान्यात इंजेक्शनं झाली आणि अण्णा वाचले. धनश्री रडली, मग चिडली, मग प्राचार्यांकडे गेली.

"खुलासा छापू," ते म्हणाले, "पण त्यात कुठे मायनस नको."

शेवटी तिनं स्वतःच मोबाइलवरून गावभर कळवलं : हा रंग औषध नाही, पिऊ नका, गोळी थांबवू नका. हजारोंनी वाचलं. उत्तरं भराभर आली, सगळी एकच : "समजलं, ताई. पण रंग नेमका कोणता?"

तुम्ही अर्थातच तसे नाही. तुम्ही फक्त एकदा वर जाऊन बघाल, रंगाचं नाव कुठं लिहिलंय का.