शिळ्या दिवसाची दुरुस्ती

धाकट्याने ठरवलं होतं ते इतकंच की, प्रकाशकाकडे पोचवायच्या आधी दादाची कादंबरी एकदा वाचून काढायची. यात वाईट काय होतं? आजही विचाराल तर तो म्हणेल, वाचण्यात काहीच वाईट नव्हतं. वाचताना कानावर पेन होतं, तिथे घोळ झाला.

धाकटा फ्रीज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. शाळेशी त्याचं लवकरच बिनसलं होतं (त्याच्या मते त्याने शाळा सोडली, शाळेच्या मते उलट). त्यामुळे आजवर त्याने सलग वाचलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे कॉम्प्रेसरच्या पाठीवरचं लेबल. दादाची गोष्टच वेगळी. दिवसभर ऑफिसात मान मोडून काम करायचं आणि घरी आलं की चक्रम गोष्टी लिहायच्या, हा त्याचा उद्योग. एका गोष्टीत चंद्र किरकोळ रजेवर जातो आणि त्याच्या बदली रस्त्यावरच्या दिव्याला पाठवतात. दुसरीत एका माणसाला जास्तीची सावली मिळते, ती त्याच्यापेक्षा रुबाबदार निघते आणि नोकरी तिलाच लागते. वॉशिंग मशीनमधल्या भुताला चक्कर येते म्हणून ते जागा बदलून मागतं, ही गोष्ट तर धाकट्याच्याच एका गिऱ्हाइकाच्या मशीनवरून सुचलेली. काही लोक याला विज्ञानकथा म्हणत, काही परीकथा. धाकटा म्हणायचा, 'दादाच्या थापा'. पण एखादं मशीन चमत्कारिक बिघडलं की तो पहिला फोन दादालाच करायचा.

दादा गेल्यावरही त्याचा हात दोनदा फोनकडे गेला होता. (एकदा तर नंबर लावूनही झाला. वहिनीने उचलला.)

तर दादाच्या शेवटच्या कादंबरीची प्रुफं आली. वहिनीने गठ्ठा तसाच धाकट्यापुढे सरकवला.

"भाऊजी, मला हे उघडवत नाही. पहिल्याच ओळीत त्यांचा आवाज येतो. सगळं तपासून झालंय. तुम्ही फक्त सही करा आणि देऊन या."

"वाचलं तर चालेल?"

"त्यात विचारायचं काय? तुमच्याच भावाचं आहे."

कादंबरीचं नाव होतं 'शिळा दिवस'. एका माणसाच्या फ्रीजमध्ये कालचा दिवस उरलेला असतो, झाकून ठेवलेला. एक दिवस तो कप्पे काढून आत शिरतो आणि थेट कालमध्ये पोचतो. धाकटा ओळीखाली बोट ठेवून वाचत होता आणि त्याला चक्क मजा येत होती. मग दाराचं प्रकरण आलं. फ्रीज बंद पडतो, दार घट्ट बसतं, माणूस आत अडकतो. बाहेर त्याची बायको शेजारणीला सांगते, "गॅस संपला असेल, म्हणून मोटर थांबली."

धाकटा ताडकन उठून बसला. गॅस संपला तर मोटर थांबते? उलट ती धावत सुटते! थांबायची म्हणजे मोटर चालू करणारा रिले गेला असणार. एवढा मोठा लेखक, घरात सख्खा भाऊ मेकॅनिक, आणि लोकांनी ही चूक वाचायची? त्याने कानावरचं पेन काढलं आणि 'गॅस संपला' खोडून 'रिले गेला' लिहिलं. इथवर थांबला असता तर दादासुद्धा हसला असता.

पण त्याने शेवटचं पान उलटून पाहिलं. माणूस अजून आतच! आणि बाहेर त्याचा धाकटा भाऊ दाराला कान लावून बसलेला. तिथे कादंबरी संपली.

धाकट्याचं डोकं फिरलं. (ते फिरायला नेहमीच कमी वेळ लागतो.) रिले म्हणजे केवढीशी वस्तू. चहा उकळेपर्यंत बदलून होते. त्याने परत त्या दारापाशी येऊन समासात लिहिलं: 'मेकॅनिक आला. त्याने रिले बदलला. दार उघडलं. तो बाहेर आला आणि चहा प्यायला.' आता माणूस बाहेर आला म्हटल्यावर पुढची पानं कशाला? माणूस घरात चहा पितोय आणि पुढच्या पानावर बायको त्याला शोधत रडत असणार, असं कसं चालेल? त्याने पुढच्या सगळ्या पानांवर काट मारली. एकही न वाचता. मशीन चालू झाल्यावर बिघाड कोण वाचत बसतो? मग खाली झोकात सही केली आणि गठ्ठा देऊन आला.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाचा फोन आला तेव्हा धाकट्याचं डोकं एका गिऱ्हाइकाच्या फ्रीजमागे होतं.

"अहो धाकटेराव, हे काय? आम्ही तपासायला दिलं होतं, कापायला नाही!"

'माझं चुकलं' एवढे दोन शब्द पुरले असते. पण धाकट्याचं तोंड त्याच्या आधी धावतं.

"दादाचीच तशी इच्छा होती."

"इच्छा? कधी बोलले?"

"शेवटी."

"म्हणजे अगदी शेवटी?"

"शेवटी शेवटी," धाकटा म्हणाला आणि वळताना त्याचं डोकं मागच्या जाळीवर आपटलं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. प्रकाशक मनाचा हळवा होता.

"मोठा माणूस! स्वतःच्या पानांवर काट मारायला छाती लागते. आणि काय तो शेवट! 'तो बाहेर आला आणि चहा प्यायला.' इतकं साधं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं हो."

(आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी धाकट्याच्या लेखनाची तारीफ केली, आणि ती त्याला मान खाली घालून दादाच्या खात्यात जमा करावी लागली.)

प्रकाशन समारंभाच्या आदल्या दिवशी पुस्तकांचं खोकं घरी आलं. वहिनीने कात्रीने दोरी कापली, वरची एक प्रत उचलली आणि बाजूला ठेवली.

"हे माहितीपत्रक असेल. पुस्तक खाली असणार."

तिने दुसरी उचलली. तिसरी उचलली. खोक्याच्या तळापर्यंत हात घातला. सगळी माहितीपत्रकंच होती. नव्या मिक्सरबरोबर एक चोपडी मिळते ना, तेवढी 'शिळा दिवस'ची जाडी होती. धाकटा दारात उभा राहून नखं कुरतडत होता. आता ती विचारणार, पानं कुठे गेली, आणि आपण काय सांगायचं, याची तो जुळवाजुळव करत होता.

वहिनीने पानांचं विचारलंच नाही. ती प्रकाशकाची प्रस्तावना वाचत होती.

"'आपली ही अखेरची इच्छा लेखकाने केवळ आपल्या धाकट्या बंधूंपाशी बोलून दाखवली.'" तिने वर पाहिलं. "केवळ?"

धाकट्याने नजर दाराच्या बिजागरीकडे वळवली.

"मी उशाशी होते, भाऊजी. रोज. मला शेवटचं म्हणाले, पंखा कमी कर. बस, एवढंच. मी तेच धरून बसलेय इतके दिवस. आणि तुम्हाला हे एवढं सगळं सांगितलं?"

अंगावर डबल डोअर फ्रीज पडला असता तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं. आपण एक रिले बदलायला गेलो आणि हिच्याकडे उरलेला दादाही हिरावून घेतला.

"नाही सांगितलं, वहिनी. काहीच नाही सांगितलं. मला पण पंख्याचंच म्हणाला."

"मग हे?"

"मी केलं."

"काय केलंत?"

"रिले बदलला."

"कुठला रिले?"

"'शिळा दिवस'मधल्या फ्रीजचा."

वहिनीने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, जणू रिले कुठे बसवलाय ते शोधत होती.

"पण का?"

"तो आतच होता, वहिनी! शेवटच्या पानावरसुद्धा आतच. आणि तो भाऊ बाहेर नुसता बसलेला. हातात साधा पाना नाही. नुसता कान लावून बसलाय गाढव! मला नाही बघवलं." त्याने नाक पुसलं. "मग फोन आला तर तोंडातून निघून गेलं. माझं तोंडच तसं आहे. दादाने तुझ्यापासून काही लपवलं नाही. शपथ."

वहिनीने पुस्तक मिटून खोक्यात ठेवलं. मग म्हणाली, "मधली पानं वाचलीत?"

"नाही."

"एकही?"

"चालू झाल्यावर..."

"कळलं, कळलं. जुनी प्रुफं कुठायत?"

"प्रकाशकाकडे."

"घेऊन या. आणि उद्या तुम्ही हे सगळं माइकवर सांगायचं, सगळ्यांसमोर. मग मी काय ते वाचेन."

समारंभाला हॉल भरला होता. दादाचे वाचक दादाच्या गोष्टींसारखेच. एकाने अंगात दोन स्वेटर घातले होते, एक बाई छत्री उघडून बसल्या होत्या. धाकट्याने माइक धरला आणि जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं, गॅसपासून 'शेवटी शेवटी'पर्यंत. प्रकाशक उठून उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. धाकटा खाली उतरून सर्वांत मागच्या खुर्चीकडे निघाला, पण ती भरलेली होती. मग तो तसाच भिंतीला टेकून उभा राहिला.

वहिनी आली. काट मारलेलं एक पान तिने समोर धरलं. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला सावरला.

"'आत शिरताना त्याने प्लगला दोरी बांधून दुसरं टोक आत घेतलं. काल रविवार होता. बायको पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होती. धाकटा भाऊ रेडिओ खोलून जमिनीवर पसरून बसला होता आणि हरवलेल्या स्क्रूबद्दल सगळ्या घराला शिव्या देत होता. बाहेर सोमवार ताटकळत उभा होता. माणसाने दोरीला हिसका दिला. दिवा विझला, मोटर गप्प झाली, दार त्याने आतून ओढून घेतलं. बाहेर कुणी काळजी करत बसू नये, एवढंच त्याला वाटलं. तो अडकला नव्हता. त्याला रविवार हवा होता.'"

वहिनी थांबली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते, हे एकाच वेळी कसं करतात ते धाकट्याला कळलं नाही. त्याला स्वतःला त्यातलं एकच जमलं. त्याने बाहीने तोंड पुसलं. पंख्याखेरीज दादा आपल्याशी बरंच बोलून गेला होता, आणि आपण त्यावर पेनाने काट मारली होती.

प्रकाशकाने घसा साफ केला. पूर्ण कादंबरी पुन्हा छापतो, म्हणाला. टाळ्या झाल्या. मग माइक चालू आहे हे विसरून तो शेजाऱ्याच्या कानात बोलला आणि ते सगळ्या हॉलने ऐकलं:

"पण काय हो, हा मेकॅनिक ना? आधी प्लग नाही बघायचा?"

हॉल जो हसत सुटला तो थांबेचना. छत्रीवाल्या बाईंची छत्री मिटली.

त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या घरचे फ्रीज धाकट्याकडेच असतात. ते आजही त्यालाच बोलावतात, तक्रार काही नाही. फक्त फोन उचलला की आधी सांगतात, "प्लग आम्ही बघितलाय. तुम्ही या."