साळवे मास्तरांचा समुद्र

दर सोमवारी सकाळी साळवे मास्तर झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि अरबी समुद्राचा ताजा रंगीत नकाशा छापून आणतात. घोडेगाव जनावरांच्या बाजाराचं गाव. इथं म्हशीच्या दातांवर तासभर बोललं तरी कुणाला नवल वाटत नाही. समुद्र मात्र गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला नाही, आणि हा माणूस त्या नकाशातले हिरवे डाग निरखत बसतो.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. आमच्याकडं एसटीच्या कंडक्टरलाही मास्तर म्हणतात, आणि साळवे कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. खरा मास्तर मी. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर, गावच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. तरी पाऊस लांबला की माणसं माझ्या दारावरून पुढं साळव्यांकडं जातात आणि विचारतात, समुद्राचं काय म्हणणं आहे. मला हे आवडत नाही, ते आधीच सांगून टाकतो.

त्यांचं सगळं विज्ञान एसटीत बसवलेलं. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात; नकाशातले हिरवे डाग त्यांचेच. त्यांना ऊन वर मिळतं, पण खत असतं खाली, गार पाण्यात. हे मी फळ्यावर आकृती काढून सांगतो आणि पोरं जांभया देतात. साळवे सांगतात, "वरचं पानी म्हंजी सीटवर बसल्यालं पाशिंजर. वारं जोरात आलं की त्ये पुढं सरकतं, आन खालचं गार पानी खत घिऊन वर चढतं. ज्या साली वारं पडतं आन वरचं पानी तापतं, त्या साली कोन जागचं हालत न्हाई. मंग हिरवळ उपाशी, आन मासाबी उपाशी." एल निनो म्हणजे त्यांच्या भाषेत लांबच्या डेपोतला बिघाड, ज्यानं आपली पावसाची गाडी लेट होते. 'हिरवळ' नव्हे, 'वनस्पतिप्लवक' म्हणा, असं मी त्यांना दोनदा सुनावलं. त्यांनी दोन्ही वेळा आभार मानले आणि हिरवळच म्हणत राहिले. गावही हिरवळच म्हणतं.

विज्ञान दिनाला मुख्याध्यापकांनी भाषणाला त्यांनाच बोलावलं. माझ्याकडं सतरंज्यांची व्यवस्था. मी मागं बसून त्यांना अडवायला प्रश्न काढला: पावसाळी वाऱ्यानं पाणी वर येतं ते ठीक, मग अरबी समुद्राच्या उत्तर भागात ऐन थंडीत हिरवा रंग का वाढतो? थंडीत कोरडं गार वारं सुटतं, वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बसतं, त्यात सगळं ढवळून निघतं, असं साळव्यांनी सांगितलं. ते बरोबर होतं. पुढं म्हणाले, हवा अशीच तापत गेली तर काय होईल ते मला ठाऊक नाही, ज्याला कळतं त्याला विचारून सांगतो. यालाही टाळ्या पडल्या. बावीस वर्षांत मी वर्गात 'मला ठाऊक नाही' म्हटलेलं नाही, आणि टाळ्याही मिळालेल्या नाहीत.

ज्याला कळतं, तो कोण? हा शोध लावायला मी पुढच्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर नकाशेच नकाशे, प्रत्येकावर पेनानं एक बारीक ठिपका. टेबलावर शाळेच्या वह्या. त्यांत 'क्लोरोफिल', खालचं पाणी वर येण्याला म्हणतात ते 'अपवेलिंग', असे शब्द शुद्धलेखनासारखे दहादहा वेळा लिहिलेले.

मी ठिपक्यांबद्दल विचारलं. साळवे आधी चहा ठेवायला गेले, मग सांगू लागले. त्यांची मुलगी सुजाता संशोधनाच्या जहाजावर असते. महिना-महिना फोन लागत नाही. जहाज असेल असं वाटतं तिथं ते ठिपका देतात. पूर्वी सुट्टीत आली की ती कामाचं भरभरून सांगायची, हे नुसतं 'व्हय, व्हय' करायचे. एकदा ती मधेच थांबली आणि म्हणाली, "जाऊ द्या पप्पा. तुम्ही जेवा." त्यानंतर तिनं कामाचा विषय काढला नाही.

"तिची आई आसती तर दुसरं काय तरी बोलली आसती तिच्याशी," साळवे म्हणाले. "माझ्याकडं त्येबी न्हाई."

म्हणून गेली तीन वर्षं हा अभ्यास. तिला मात्र पत्ता नव्हता. चुकलं तर ती पुन्हा 'जाऊ द्या' म्हणेल, ही धास्ती.

तेवढ्यात फोन वाजला. तीच होती, तिचं जहाज बंदराला लागलं होतं. साळव्यांनी जेवण विचारलं, तब्येत विचारली आणि बोलणं संपलं. एरवी इथंच फोन ठेवला जात असणार. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला काय झालं कोण जाणे, मी समोरच्या नकाशातल्या हिरव्या डागावर बोट ठेवलं.

त्यांनी त्या डागाकडं बघत विचारलं, "सुजे, यंदा वरचं पानी खालच्यात नीट मिसळलं न्हाई का? हिरवं कमी दिसतंय."

पलीकडून तिचा आवाज आला, भराभर, थांबेचना. साळवे फोन कानाशी धरून वहीत लिहून घेऊ लागले. माझा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. नेमकं काय, ते मला सांगता येणार नाही. मी गार झालेला चहा पीत त्या वहीकडं बघत होतो.

बऱ्याच वेळानं तिचा प्रश्न मलाही ऐकू आला, "पप्पा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

साळव्यांनी वही मिटली. "हितं सायन्सचे सर हायेत," ते म्हणाले. "त्यांनी."

मी त्यांना एक अक्षर शिकवलेलं नव्हतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, तिला माझे आभार मानायचे होते. मी ते मानू दिले.