खाली हातानं यायचं नाही

आमच्या संग्रहालयाचे चौकीदार देवाजीभाऊ कुलूप उघडण्याआधी दारावर टकटक करतात. कुलूप बाहेरून, तेही स्वतःच लावलेलं, आणि किल्ली त्यांच्याच कमरेला. टकटक करून खोकतात, जरा थांबतात, मग उघडतात.

"आत कोण आहे, भाऊ?" मी रुजू झालो त्या दिवशीच विचारलं.

"कोनी काऊन नसन, बाबू?"

मोहर्ली गावाच्या अलीकडचा हा संग्रहालयाचा बंगला मूळचा एका इंग्रज जंगलसाहेबाचा. भरदुपारीही आत दिवा लावावा लागतो. कोणी चालत नसताना सागाच्या फळ्या करकरतात. भिंतीवरच्या भुसा भरलेल्या मुंडक्यांकडे मी तर पाहतच नाही.

मी आलो वस्तूंची यादी करायला, पण खरी नोंदवण्यासारखी वस्तू म्हणजे देवाजीभाऊच. प्रत्येक पाहुण्याला फाटकातच बजावतात, "खाली हात नाई याचं. एक गोटा उचला." तो गोटा मागच्या अंधाऱ्या खोलीतल्या ढिगावर टाकायचा. एका प्राध्यापकांनी तो ढीग अश्मयुगातला ठरवून अर्धा तास व्याख्यान झोडलं. देवाजीभाऊंनी मान डोलावत ऐकलं आणि शेवटी त्यांच्याही हातात गोटा दिला.

मी मात्र कधी टाकला नाही. त्या खोलीत हवा गार असायची, आणि पाठीमागून कुणीतरी पाहतंय असं वाटायचं.

मग संग्रहालयाची सरकारी तपासणी ठरली. मी सांगितलं, "भाऊ, तो ढीग उद्याच्या उद्या फेका."

देवाजीभाऊ मटकन खाली बसले. "नोका जी, बाबू. माह्या सायत्राचा आहे तो."

सायत्रा त्यांची बायको. मोहफुलं वेचताना तिला वाघानं नेलं. अशा जागी इकडे येणारा-जाणारा एक दगड ठेवतो. ढीग वाढत राहिला की गेलेल्याला एकटं वाटत नाही. पण त्या वाटेवर आता सफारीचं फाटक आलंय. पर्यटकांच्या जिप्सी गाड्या जातात, खाली कोणालाच उतरू देत नाहीत.

"सारे वाघाले पाहाले येतेत. तिच्यापाशी कोनी थांबत नाई. मंग सायकलवर पोत्यानं तिले इथी आनलं."

"आणि ती टकटक?"

देवाजीभाऊ चक्क लाजले. "बाईमानूस हाय. पदर घ्याले टाईम नोको का?"

मला स्वतःचीच लाज वाटली.

तपासणीला अधिकारी आले, तेव्हा फाटकात मीच आडवा झालो. "साहेब, खाली हातानं यायचं नाही," म्हटलं, आणि वाकून दोन गोटे उचलले. एक त्यांना दिला.

देवाजीभाऊंकडून किल्ली घेतली. दारावर टकटकही मीच केली. आत फळ्या करकरल्या. मी खोकलो, जरा थांबलो, आणि मग कुलूप उघडलं.