हरीओमच्या बाहीचं माप

"मारोतराव, लिहून घे! यंदाची ढाल केनवडले हा चांद टेलर आणून देते!"

हे वाक्य छाती फुगवून बोलणारा माणूस जन्मात एकदाही कबड्डीच्या मैदानात उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चांदभाईंचं मैदान म्हणजे केनवडच्या बाजारातलं आठ बाय दहाचं दुकान, पायानं चालवायचं शिलाई मशीन, आणि दाराबाहेर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी : 'चांद टेलर. माप चुकल्यास कापड नवं.' छत्तीस वर्षांत कुणालाही नवं कापड द्यावं लागलं नव्हतं, आणि ते हे सांगितल्याशिवाय टेप गळ्यातून काढत नसत.

माणसाला वेडं दोनच. एक, जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमातली नाचगाणी. दुसरं, केनवडचा कबड्डी संघ.

या संघाचे वस्ताद म्हणजे मारोतराव, चांदभाईंचे लंगोटीयार. घरची सोयाबीनची शेती, दोन्ही गुडघे दुखरे, आणि बैठकीच्या भिंतीत एक मोकळा खिळा. अकरा वर्षांपूर्वी त्या खिळ्यावर तालुक्यापलीकडच्या गावांनाही हरवून आणलेली ढाल लटकत होती. पुढच्या वर्षी ती शिरपूरवाले घेऊन गेले, ते गेलेच! आता खिळ्यावर गोजराबाई दळणाची पिशवी अडकवतात. यंदा त्यांनी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, "यंदा नाई आली त तो खिळा उपटा. येता-जाता माह्या डोक्याले लागते." मारोतरावांनीही ठरवलं होतं, की हे शेवटचं वर्ष. गुडघे आता मैदानावर उभं राहू देत नाहीत.

"तू काय करशीन बे?" मारोतरावांनी विचारलं. "तुले त चढाई कोन्ती अन् पकड कोन्ती, समजत नाई!"

"व्हिडिओ करीन! पोट्ट्यायनं आपलाच खेळ गाण्यावर पाह्यला पायजे. मंग पाह्य कसा जोश येते!"

चांदभाईंचा इंटरनेटवर स्वतःचा चॅनेल होता. त्यावर ते एक दिवस जुनं गाणं टाकत, एक दिवस कबड्डीचा सामना. प्रेक्षक त्रेचाळीस. त्यात कारंज्याला दिलेली लेक कशिश प्रेमापोटी बघायची आणि बायको सितारा नाइलाजानं. या खेपेला मात्र चांदभाईंनी दोन्ही वेडं एकाच पातेल्यात घातली. बागेत नायक नायिकेभोवती गिरक्या घेतो, ते त्यांचं लाडकं गाणं घेतलं आणि त्यावर संघाचा सात नंबर, म्हणजे हरीओम, याची चढाई अशी बेतून बसवली, की पहिल्या ठेक्याला हरीओम आत, दुसऱ्याला डावीकडे हूल, तिसऱ्याला उजवीकडे हूल, आणि चौथ्याला फाडकन मागे लाथ! चार दिवस मशीनच्या पायट्यावर ठेका धरून हे काम चाललं. त्या नादात हेमलाबाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या!

"बाह्या चुकल्या," चांदभाई त्यांना म्हणाले, "पण माप पाहा! माप चुकलं काय?"

व्हिडिओ टाकला आणि काय सांगावं! दुसऱ्या दिवशी दोनशे प्रेक्षक, आठवड्यात दोन हजार! खुद्द हरीओमनं तो इतक्या वेळा पाहिला, की त्याचे पायच त्या गाण्यात गेले. पोरगा ताकदीचा, सांगितलेलं ऐकणारा, पण डोकं एका वेळी एकच गोष्ट धरणारं. आता तो "कबड्डी कबड्डी" सुद्धा त्याच चालीत म्हणू लागला. चौथा ठेका आला, की लाथ. मग समोर कुणी असो, नसो!

आणि शिरपूरहून पत्रांसारखे धडाधड संदेश येऊ लागले. 'लय भारी चाचा!' 'चाचा, अजून टाका!' कुणी एक नवीन नावाचा पोरगा तर रोज लिहायचा. 'चाचा, सात नंबरची चढाई हळू करून दाखवा ना.' चांदभाईंनी हळू करून दाखवली. 'चाचा, मागून दाखवा.' चांदभाई सरावाच्या वेळी पाण्याच्या टाकीवर चढले आणि मागून दाखवली. 'चाचा, त्याच्या कोणत्या गुडघ्याला पट्टी आहे?' चांदभाईंनी तत्परतेनं कळवलं, 'डाव्या. बैलानं लाथ मारली होती. आता आराम आहे. विचारपूस केली, बरं वाटलं.'

सिताराबींना मात्र बरं वाटेना. "या अल्ला! हा पोट्टा हरीओमची इतकी चौकशी काहून करून राह्यला? बहीण-गिहीण द्यायची हाये का त्याले?"

"फॅन हाये तो! तुले नाई समजणार."

"मंग आपल्या गावाचे फॅन सोडून शिरपूरच्यानं काहून फॅन व्हावं?"

"कला गाव पाहत नाई, सितारा!" चांदभाईंनी डायलॉग टाकला आणि पुढचा संदेश उघडला. 'चाचा, तुम्ही तर त्याचे कपडे शिवता. त्याच्या हाताची लांबी किती?'

आता टेलरला मापच विचारलं! चांदभाईंनी मापांची वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि लिहिलं, 'पंचवीस इंच. चांद टेलरचं माप आहे. डोळे झाकून विश्वास ठेवा.'

अंतिम सामना शिरपूरला होता. केनवडहून दोन टेम्पो भरून माणसं गेली. मैदानाशी उतरतात तोच शिरपूरची दहा-बारा पोरं धावत आली आणि त्यांनी हार घातला, तो चांदभाईंच्या गळ्यात! एकानं पाय धरले, दुसऱ्यानं अगदी पुढची खुर्ची पुसून दिली, तिसऱ्यानं चहा आणला. केनवडचे लोक माना लांब करून बघत राहिले. चांदभाई मात्र गावाचा मान वाढल्याच्या आनंदात होते.

"चाचा, मीच नवीन!" एक दांडगा पोरगा म्हणाला. अंगात शिरपूरची जर्सी, छातीवर एक नंबर. संघाचा कप्तान होता तो! "तुमच्यामुळं आमाले लय शिकाले भेटलं!"

चांदभाईंच्या हातातला चहा तिथंच थांबला. काहीतरी उसवल्यासारखं वाटलं, पण कुठं ते लक्षात येईपर्यंत शिट्टी वाजली.

हरीओम गेला चढाईला. "कबड्डी कबड्डी..." आणि समोरची सातही पोरं तेच गाणं गुणगुणायला लागली! पहिला ठेका, दुसरा, तिसरा, आणि चौथ्याला लाथ निघायच्या आधीच तिघं तिच्या जागी हजर! पाय धरला, हरीओम आडवा. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर शिरपूरचे प्रेक्षकही टाळ्यांनी ठेका देऊ लागले. जणू वरात चालली आहे आणि हरीओम नवरदेव! केनवडची बाकीची पोरं जिवाच्या करारानं लढली, म्हणून मध्यंतराला फरक पाचच गुणांचा राहिला.

मध्यंतरात सगळं उघडं पडलं. हरीओम धुळीनं माखून म्हणाला, "वस्ताद, हे पोट्टे माह्या आधीच मले वळखून राह्यले! चाचाचं गाणं म्हणून राह्यले!"

केनवडच्या अख्ख्या गर्दीनं चांदभाईंकडे आणि त्यांच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं. "फितूर हाये बे!" मागून कुणीतरी म्हटलंही. चांदभाईंनी हार काढला. कुठं ठेवावा कळेना, म्हणून खिशात कोंबायला लागले. मारोतरावांनी शिव्या दिल्या असत्या तर त्यांना किती बरं वाटलं असतं! पण मारोतराव गुडघा चोळत नुसते हळूच म्हणाले, "जाऊ दे चांद्या. तुवा मायेनंच केलं. घरी गेलो की उपटतो तो खिळा."

चांदभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. छत्तीस वर्षांत कुणाचं कापड वाया घालवलं नव्हतं, आणि आज जिवलग मित्राचं शेवटचं वर्ष कापून ठेवलं होतं.

दुसऱ्या डावात केनवडनं फरक तोडत आणला. सत्तावीस-एकोणतीस. शेवटची चढाई, आणि ती नेमकी हरीओमचीच, कारण बाकीचे चढाईचे गडी बाद होऊन बाहेर बसलेले!

"कबड्डी कबड्डी..." पहिला ठेका. शिरपूरकरांच्या टाळ्या. दुसरा. चांदभाई खुर्चीवर चढले. काय करतोय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या ठेक्याला त्यांनी गळा फाडून एक दुसरंच गाणं सुरू केलं. नायिका नायकाला कायमची सोडून जाते तेव्हाचं, संथ, रडकं! आवाज असा, की मैदानाकडेची म्हैस दावं तोडून पळाली.

हरीओमचं डोकं एका वेळी एकच गोष्ट धरणारं. तो चौथ्या ठेक्याला मध्येच थांबला. म्हणजे पार थिजला! 'कबड्डी' तेवढं तोंडातून चालू. तिघं शिरपूरकर नसलेल्या लाथेवर झेपावले आणि एकमेकांवर आदळले.

"पंच! गाणं म्हणून राह्यले ना ते!" शिरपूरचा वस्ताद ओरडला.

"गाण्यावर नियम नाई हाये," पंच म्हणाले.

नवीन आपल्या पोरांवर खेकसला, "घाबरू नका बे! त्याचा हात पंचवीस इंच हाये! सव्वीसवर राह्या!" तिघं उठले आणि हरीओमपासून मोजून सव्वीस इंचांवर, कमरेवर हात ठेवून, हसत उभे राहिले.

गाण्यानं भांबावलेल्या हरीओमनं नुसता हात लांब केला आणि गर्रकन फिरवला. टप, टप, टप! तिघांच्या छातीला पंजा लागला. पुढं काय करायचं ते त्याला समजेना, म्हणून तो चालत परत आला.

तीस-एकोणतीस! केनवडच्या लोकांनी जो गोंधळ घातला तो पार शिरपूरच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मंदिरापर्यंत ऐकू गेला असेल. ढाल मारोतरावांच्या हातात आली, तर ते रडायला लागले आणि ढाल सोडून चांदभाईंनाच मिठी मारून बसले. तेवढ्यात नवीन लालबुंद होऊन आला.

"चाचा, धोका दिला तुमी! तुमी त पंचवीस इंच सांगतलं होतं!"

"बरोबर हाये ना बाबू," चांदभाई डोळे पुसत म्हणाले. "खांद्यापासून मनगटापर्यंत पंचवीस. बाहीचं माप मनगटापर्यंतच राह्यते. पंजाले बाही कोण शिवते?"

मग मारोतराव दबक्या आवाजात, आदरानं म्हणाले, "म्हणजे चांद्या, तुवा मुद्दामून अर्धंच माप देल्लं?"

चांदभाईंनी तोंड उघडलं, मित्राचा चेहरा पाहिला आणि मिटलं. झालं! टेम्पोत परत येईपर्यंत 'चांदभाईनं शिरपूरले दोन महिने कसं गंडवलं' याची कथा तीन प्रकारे तयार होती. गोजराबाईंनी खिळ्यावरची दळणाची पिशवी स्वतः काढली, ढाल लटकवली आणि चांदभाईंच्या ताटात दोन पुरणपोळ्या जास्तीच्या वाढल्या. "लय डोकं बाप्पा तुमचं!" त्या म्हणाल्या. सिताराबी पदराआड हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून चांदभाईंनी मोबाईल भिंतीला टेकवला. चॅनेलवर एकच नवा संदेश होता, शिरपूरच्या नवीनचा, दोन हजार लोकांनी पसंत केलेला. 'चांद टेलरचं माप चुकलं.'

चांदभाईंनी तो एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. बाहेर जाऊन पाटी पाहून आले, मग हरीओमला हाक मारून बोलावून घेतलं. सितारा चहा घेऊन आली, तोवर बोटं मोबाईलवर चालू लागली होती.

"काय लिहून राह्यले?"

"काई नाई. ज्याचं त्याले सांगावं लागते ना!"

तिनं मोबाईल ओढून घेईपर्यंत उत्तर शिरपूरला पोचलं होतं : 'माप चुकलेलं नाही. बाही पंचवीस. आज सकाळी हरीओमला बोलावून पुन्हा मोजलं. पंजा साडेसात. एकूण साडेबत्तीस इंच. पुढच्या वर्षी तेहतीसवर उभं राहावं.'