बाबाजीकाकांची वार्षिक सभा

आमच्या आणि बाबाजीकाकांच्या घरांमध्ये फक्त एक बांबूचं कुंपण. तरी कंपनीच्या सभेची नोटीस काका मला पोस्टानं पाठवत. पत्र सारा गाव हिंडून यायचं. तोवर काका कुंपणावरून रोज विचारत, "आलं काय रे?"

"काका, तोंडानं सांगा की!"

"लालवा से लालवा!" आमच्या बेटावरच्या बोलीत, कायदा म्हणजे कायदा. 

मोंतान्य ब्लांश गावचा उसाच्या शेताचा तुकडा विकून काकांनी क्युरपिप शहरात दोन घरं घेतली होती, भाड्यानं द्यायला. पण तुफानाचा धसका. छपरं उडाली, देणं अंगावर आलं, तर राहतं घरही जायचं. कुणीतरी सांगितलं, मर्यादित जबाबदारीची कंपनी काढा. बुडालीच तर कंपनी बुडेल, तुम्ही नाही. काका तडक नोटरीकडे.

भागधारक निदान दोन हवेत, नोटरी म्हणाला. काकांनी बेधडक गणपतीचं नाव दिलं. आमच्यात त्याच्या नावाशिवाय कुठलं काम सुरू होतं? देव सही करत नाही म्हटल्यावर काका भांडून परत आले, आणि एका हिश्शाचा धनी मी झालो.

सभेला काका कोट घालून अध्यक्ष. आधी आरती, मग घंटा. "सभासद कोन कोन हाजीर?" समोर मी एकटाच, तरी काका खोलीभर नजर फिरवत. हिशेब चुटकीसरशी संपे, जेवण मात्र दुपारभर चाले. दालपुरी, टोमॅटोच्या रश्शाचा रुगाय, खीर, सगळं काकांच्या हातचं. काकी केव्हाच गेलेल्या, एकुलती लेक विलायतेत नर्स. मी उठू लागलो की काका म्हणत, "बस! ठराव ऱ्हायलाय," आणि पानात आणखी एक पुरी पडे.

पुढे माझी बदली दूर उत्तरेला, गुडलँड्सला झाली. हिश्शाचा कागद परत द्यायला गेलो. म्हटलं, "काका, आता जवळपासचा कुणी बघा."

काकांनी कागदाला हातही लावला नाही.

"घरं इक म्हनलास तर इकीन," ते हळूच म्हणाले. "पन सभा मोडली तर माज्या घरी जेवाया कोन येनार रे?"

मी कागद खिशात घातला आणि विचारलं, "पुढची सभा कधी?"

"कायद्यात वर्साला एक." काकांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "पन म्हैन्याला घेतली तर पोलीस धरनार काय?"