आरशावरची शाल

आमच्या वळणावर यापुढे कुणी मरणार नाही, असं मी टपरीवर चहा गाळता गाळता छातीठोकपणे जाहीर केलं होतं. कारण सरकारने आरसा बसवला होता. परातीएवढा, फुगीर, उंच खांबावर. आष्टीकडून येणाऱ्याला कडा गावाकडची गाडी दिसावी आणि कड्याकडच्याला आष्टीची. मधे टेकाड आडवं आहे. त्या टेकाडापायी गावातल्या कितीतरी भिंतींवर हार घातलेले फोटो लागले. आजवरचा शेवटचा आमच्या ह्यांचा, मोहनरावांचा.

आता आमची लेक सायली त्याच वळणावरून स्कूटीने आष्टीच्या कॉलेजात जाते. म्हणून आरशासाठी मी इतक्या चकरा मारल्या, की कचेरीतला शिपाई मला कुणाची तरी आत्या समजून पाणी विचारायचा.

आरसा बसला त्याच दिवशी सरपंच अर्जुनराव शिडी घेऊन हजर. कुठल्याशा सत्कारात मिळालेली शाल त्यांनी आरशावर गुंडाळली आणि वरून सुतळी आवळली.

"झाकता कावून?" मी विचारलं.

"साहेबांच्या हस्ते उद्घाटन हाय, सुंदरबाई. त्यांच्या आधी कुणी तोंड बघितलं तर बरं दिसत न्हाई."

"आन् तवर कुणी मेलं तर?"

"शुभ बोला की जरा. चार दिवसांचा तर प्रश्न हाय."

पहिल्यांदा साहेबांना कुणाचं तरी लग्न निघालं. मग मयत. मग आचारसंहिता लागली, आणि आचारसंहितेत आरशालाही तोंड दाखवायची बंदी असते, हे मला नव्यानेच कळलं. शाल उन्हाने विटली. चिमण्यांनी तिच्या घडीत काड्या नेऊन ठेवल्या.

मी हातावर हात धरून बसले नाही. मोहनरावांचा लाल पंचा खुंटीवरून काढला. टपरीतून दोन्हीकडचा रस्ता दिसतो. एका बाजूने गाडी येताना दिसली की पंचा घेऊन वळणावर उभी राहायचे आणि दुसऱ्या बाजूच्याला थांबवायचे. मावशी दिसली की थांबायचं, नाही दिसली की बिनघोर जायचं, हे सगळ्यांना पाठ झालं. इकडे चहा उतू जायचा. गिऱ्हाईकं आपल्या हाताने गाळून घ्यायची आणि साखर दुप्पट घालायची. उसाच्या ट्रॅक्टरवरचा गहिनीनाथ तर लांबूनच ओरडायचा, "मावशे, येऊ का?" जसा काही माझ्या माजघरातच येतोय.

शेवटी साहेब आले. शाल ओढली, आरशात बघून केस सारखे केले आणि गेले. त्यांच्यामागून मीही वर बघितलं. टेकाड, दोन्हीकडचा रस्ता आणि कोपऱ्यात मी, सुपारीएवढी. म्हटलं, सुटले बाई. पंचा धुऊन खुंटीला टांगला आणि दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून पाटोद्याला भावाकडे गेले. मोहनराव गेल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी एसटीतून उतरले, तर वळणावर गर्दी. रस्ताभर ऊस सांडलेला. उसात सायलीची स्कूटी.

मी गर्दीत घुसले तशी माणसं बाजूला झाली. मागच्या वेळीही लोकांनी असंच न बोलता बाजूला होऊन मला वाट दिली होती.

सायली टपरीच्या बाकड्यावर बसली होती. कोपर सोललं होतं. बाकी सगळी होती. मी तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला. तिला वाचवायला गहिनीनाथने ट्रॅक्टर खांबावर घातला होता. आरशाचे तुकडे चाकाखाली चमकत होते.

"एवढा परातीएवढा आरसा. बघितला न्हाईस कावून?" मी त्याला धरलं.

"आरशात कावून बघू, मावशे? तू दिसली न्हाईस. म्हटलं, रस्ता मोकळा हाय."

"आन् तू गं?"

सायलीने मान खाली घातली. "मला बी तसंच वाटलं, आई."

तेवढ्यात अर्जुनराव पोचले. आडवा खांब त्यांनी हळहळून बघितला. म्हणाले, "नवा आरसा मंजूर व्हायला टाइम लागंल. तवर गावाचा भरोसा तुमच्यावरच, सुंदरबाई."

लगेच नारळ आला. पाठोपाठ शालही, तीच, विटकी. अर्जुनराव बुटके आणि कायम घाईत. त्यांनी शाल अशी टाकली, की ती माझ्या डोक्यावरून थेट तोंडावर आली. टाळ्या वाजल्या. आत नुसता अंधार आणि धुळीचा वास.

वळणापलीकडे हॉर्न वाजला. साहेबांची वाट न बघता मी शाल ओढून काढली आणि पंचा आणायला पळाले.