नानांची ओली फरशी

धुळ्यात आग्रा रोडवर नानांचं टायरचं दुकान होतं, आणि तिथे गिऱ्हाइकाला आधी चप्पल काढावी लागायची. देवळात काढतात तशी नव्हे. काढायची, उलटी करायची आणि नानांच्या हातात द्यायची. नाना चष्मा कपाळावर सरकवून तळ बघायचे, टाचेवरून अंगठा फिरवायचे आणि माणसाचा निकाल लावून मोकळे व्हायचे.

माझा निकाल पहिल्याच दिवशी लागला. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायला साताऱ्याकडून नवाच आलेलो, आणि स्कूटरचं मागचं चाक पार गुळगुळीत झालेलं. नाना चप्पल बघून म्हणाले, "मास्तर, तुमी पाय घसडीसन गाडी थांबाडतस. ब्रेक चाकले शे, चपलाले नही."

खरं होतं हो! माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं ते. मी ओशाळून उभा, तर नानांनी नवं टायर चढवलं, हवेचा पंप हातात घेतला आणि विचारलं, "एकला का दोन जन?" म्हणजे मी एकटा फिरणार की मागे कोणी बसणार. मी म्हटलं, कधी एकटा, कधी मंडळींना घेऊन. त्यांनी पंप खाली ठेवला. "कधी-मधी नही. आज." बसणारी माणसं मोजल्याशिवाय नाना कुणाच्या चाकात हवा भरत नसत.

त्यांच्या स्वतःच्या पायात जोड कधीच नसायचा. वहाणा टायरच्या, पण डावी एका टायरची आणि उजवी दुसऱ्याची. बाजारात नवं टायर आलं की कुठूनतरी त्याचा तुकडा पैदा करायचे, त्याची वहाण शिवायची आणि दुकानातल्या शहाबादी फरशीवर बादलीभर पाणी ओतून तिच्यावरून येरझाऱ्या घालायच्या. "ऊनमा बठ्ठाच टायर शहाना शेतस," ते म्हणायचे. "पानीमा समजस." उन्हात सगळीच टायरं शहाणी, खरी परीक्षा पाण्यात. मी फळ्यावर घर्षणाची गणितं सोडवायचो. हा चौथी शिकलेला माणूस तीच गणितं तळपायाने सोडवायचा, आणि उत्तर त्याचं बरोबर यायचं. मी त्यांच्यापुढे थक्क व्हायचो. आजही होतो.

नानांच्या घरात माणसं दोनच. बायको फार पूर्वी गेलेली. मुलगी रजनी माझ्याच वर्गात, हुशार आणि अबोल. दुपारी डबा घेऊन दुकानात यायची, नानांच्या बेजोड वहाणा बघून कपाळाला हात लावायची.

एका जूनमध्ये, पाऊस तोंडावर आला असताना, दुकानासमोर लाल गाडी थांबली. परदेशी, दोन दाराची, जमिनीला पोट टेकेल इतकी ठेंगणी. सगळा आग्रा रोड बघायला गोळा झाला. गाडीतून हेमंत उतरला, जळगावच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. म्हणाला, "दोनशे घोड्यांचं इंजिन आहे नाना! पण जरा पाणी असलं की मागून झोकांड्या खाते. रुंद टायरं हवीत. पांढऱ्या अक्षरांची असतात ना, तसली."

"नवरदेवना घोडा शे का, सजाडाले?" नाना म्हणाले. "बूट दखाडा."

हेमंतने हसत बूट काढला. नानांनी तळ पाहिला. नेहमीपेक्षा बराच वेळ पाहिला. "चवडा झिजेल शे, टाच कोरी. हाऊ पोऱ्या ब्रेकले इसरस." मग तळहात पुढे करून म्हणाले, "घोडा कितला बी ऱ्हावोत, रस्ताले चारच तयहात टेकतस. तेवढावर जीव."

फरशीवर बादली ओतली गेली. हेमंतच्या डाव्या पायात रुंद, जवळजवळ सपाट टायरची वहाण आली आणि उजव्यात खोल खाचांच्या मऊ टायरची. "चाला." पहिलंच पाऊल डावं पडलं आणि जळगावचे शेठ माझ्या गळ्यात! उजवा पाय मात्र होता तिथेच फरशीला घट्ट. "खाचा पानी काढतस, मऊ रबर रस्ता धरस," नाना म्हणाले.

"पण मऊ रबर लवकर झिजेल ना?"

"टायर झिजू दे. मानूस ऱ्हावाले जोयजे."

तसली टायरं धुळ्यात नव्हतीच. नानांनी मुंबईला ट्रंक कॉल लावले, ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. आठ दिवसांनी टायरं आली तेव्हा पाऊस धरला होता. प्रत्येकावर नख रुतवून बघितलं. एक परत पाठवलं, दुसरं मागवलं. इतकी मेहनत नानांनी कुणासाठी घेतलेली मी पाहिली नव्हती. मला वाटलं, गाडीची मोहिनी पडली म्हाताऱ्याला!

शेवटी पंप हातात घेतला. "कथा जावानं शे?"

"सुरतेला. उद्या सकाळी."

म्हणजे वाटेत कोंडाईबारीचा घाट, आणि तोही ओला. "एकला का दोन जन?"

"एकटाच," हेमंत म्हणाला, आणि पावसाकडे बघत राहिला. नानांनी हवा भरली. काट्यावर मला थोडी जास्त वाटली. मी तसं म्हणालो, तर म्हणाले, "सामान ऱ्हास."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावभर झालं. रजनी त्या गाडीतून गेली होती. जात वेगळी, दोन्ही घरून नकार ठरलेला. समोरच्या हॉटेलात लोक चहा पीत खिदळत होते, "दुनियानी चप्पल वाचस, घरनी नही वाचता उनी!" मला संताप आला. मी स्कूटर काढली आणि दुकानावर गेलो.

नाना ओल्या फरशीकडे बघत बसले होते. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मास्तर, पांझरा नदीकाठना रस्तावर नवं डांबर पडेल व्हतं. तेच तिना चपलाले, तेच त्याना बुटले. माले पहिल्याच दिवशी समजनं."

"मग अडवलं का नाही?"

"पोर मोठी शे. अडाई असती तं बी जाती, आनि मंग त्या सपाट टायरवर जाती. तो बोलना, एकला. मी दोन जनस्नी हवा भरी."

पाऊस पडतच होता. रजनी नेहमी जिथे डबा ठेवायची ती खुर्ची रिकामी होती, आणि तीन वाजून गेले होते. थोड्या वेळाने नाना उठले, सवयीने माझ्या स्कूटरचं मागचं चाक दाबून पाहिलं, पंप उचलला. "एकला का दोन जन?"

"दोन," मी म्हटलं. "तुम्ही मागे बसा. घरी जेवायला चला."

नाना वाकले आणि मागच्या चाकात दोन माणसांची हवा भरू लागले.